बुडालेल्या गावाच्या नावाचे पत्रक: कॅलिफोर्नियाच्या सुवर्णप्रदेशाचे जुने स्थलदर्शक नकाशे

कॅलिफोर्नियातील फेदर नदीच्या खोऱ्याचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढलेले जे स्थलदर्शक पत्रक (जमिनीचा उंचसखलपणा, नद्या आणि गावे दाखवणारा नकाशा) आहे, त्याचे नाव ‘बिडवेल बार’ असे आहे. पत्रकाच्या नैऋत्य कोपऱ्याजवळ, खालच्या कडेपासून साधारण साडेचार सेंटीमीटर वर, नदीकाठी हे गाव सापडते. सोन्याच्या गर्दीच्या, म्हणजे सोने शोधायला लोकांची झुंबड उडाली त्या काळात ते इतके महत्त्वाचे होते की काही वर्षे ब्यूट परगण्याचे मुख्य ठिकाणच तेथे होते. १९६८ साली ओरोव्हिल धरण पूर्ण झाले आणि गावाची जागा जलाशयाखाली गेली. आज याच भागाच्या मोठ्या प्रमाणाच्या, म्हणजे अधिक तपशील दाखवणाऱ्या पत्रकाला धरणाचे नाव आहे. ज्या गावावरून शेकडो चौरस मैलांचा नकाशा ओळखला जात होता, ते गाव पुढच्या नकाशात निळ्या रंगाखाली जाते. ही दोन्ही पत्रके पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हापासून मी ही पत्रके असलेल्या नकाशांच्या संग्रहाच्या नादाला लागलो. गेले काही महिने तो सातत्याने वापरल्यानंतर त्याचे गुणदोष येथे नोंदवीत आहे.

हा संग्रह अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा, म्हणजे यूएसजीएसचा आहे. या संस्थेची स्थापना १८७९ साली झाली. १८८४ ते २००६ या काळात तिने छापलेल्या स्थलदर्शक पत्रकांच्या सर्व आवृत्त्या स्कॅन करून लोकांसाठी खुल्या करण्याचे काम तिने हाती घेतले. आज या संग्रहात पावणेदोन लाखांहून अधिक पत्रके आहेत आणि ‘टोपोव्ह्यू’ नावाच्या संकेतस्थळावरून ती पाहता आणि उतरवून घेता येतात. त्यासाठी पैसे पडत नाहीत, नावनोंदणी करावी लागत नाही आणि नकाशांवर स्वामित्वहक्कही नाही. नकाशावर एखाद्या ठिकाणी टिचकी मारली की त्या जागेची सर्व पत्रके साल आणि प्रमाण यांसह समोर येतात. त्यानंतर साधे चित्र, नकाशाचे पृथ्वीवरील स्थान सोबत नोंदलेली जिओपीडीएफ वा जिओटिफ धारिका किंवा गूगल अर्थमध्ये उघडणारी केएमझेड धारिका यांपैकी हवे ते निवडता येते. या सोयीविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही, कारण ती वापरायला शिकण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. नकाशे वाचायला शिकण्यास मात्र बराच काळ लागतो, आणि या परीक्षणाचा खरा विषय तोच आहे.

सुवर्णप्रदेशाचे नकाशे म्हटले की वाचकाच्या मनात १८४९ सालची धावपळ उभी राहते. त्या अपेक्षेने येणाऱ्याची येथे निराशा होईल. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे सटरच्या लाकूड-गिरणीच्या कालव्यात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले. १८५३ साली नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटिसन याने दाबाखालील पाण्याच्या झोताने टेकड्या फोडण्याची रीत सुरू केली. पुढच्या तीस वर्षांत या झोतांनी सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावरील डोंगर अक्षरशः धुऊन काढले. त्या गाळाने खालच्या नद्यांची पात्रे भरली आणि शेते बुडाली. अखेर जानेवारी १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी नद्यांत गाळ सोडण्यास मनाई केली आणि झोताने चालणारे मोठे खाणकाम जवळजवळ थांबले. संग्रहाचे पहिले सालही नेमके १८८४ आहे. या प्रदेशात यूएसजीएसचा मोजणीदार फळी आणि दुर्बीण घेऊन आला तेव्हा पहिला डाव संपलेला होता. म्हणून ही पत्रके सोन्याच्या गर्दीची साक्षीदार नाहीत. गर्दी ओसरल्यानंतर जमिनीचा जो पंचनामा झाला, तो त्यांत आहे, आणि माझ्या मते त्यांचे मोलही त्यातच आहे. बातम्या, पत्रे आणि आठवणी माणसांची बाजू सांगतात. जमिनीचे काय झाले हे पाहायचे असेल तर समोच्च रेषांकडेच, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांकडेच जावे लागते.

नॉर्थ ब्लूमफील्ड गावालगतच्या मालाकॉफ डिगिंग्जचे उदाहरण घेऊ. पाण्याच्या झोतांनी खोदलेली ही सर्वांत प्रसिद्ध खाण आता राज्य ऐतिहासिक उद्यान आहे. तिचा खड्डा सुमारे ७,००० फूट लांब, ३,००० फूट रुंद आणि काही ठिकाणी ६०० फुटांपर्यंत खोल आहे. हे गाव जुन्या ‘कोलफॅक्स’ पत्रकात येते. त्या पत्रकाचे प्रमाण १:१,२५,००० आहे (नकाशावरील एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरील सव्वा किलोमीटर), समोच्च रेषांतील उंचीचे अंतर १०० फूट आहे आणि एका पत्रकात अक्षांश-रेखांशाची तीस-तीस मिनिटे, म्हणजे अर्धा-अर्धा अंश सामावलेला आहे. आता हिशेब करून पाहावा. ७,००० फुटांचा खड्डा या प्रमाणावर जेमतेम सतरा मिलिमीटर लांब आणि सात मिलिमीटर रुंद होतो, आणि त्याच्या सहाशे फूट उंचीच्या कड्यांसाठी फार तर सहा रेषा मिळतात. बोटाच्या नखाएवढ्या जागेत मोजणीदाराने किती दाखवावे? शिवाय त्या काळी मोजणीचे मोजके बिंदू निश्चित करून मधल्या रेषा प्रत्यक्ष जमिनीकडे पाहत हाताने काढल्या जात. त्यामुळे मोठ्या डोंगररांगांचे वळण विश्वासार्ह असते, पण लहानशा खाचेचा नेमका आकार तसा नसतो. पत्रक शंभर टक्क्यांच्या पलीकडे मोठे करून त्या रेषांतून खाणीच्या कडा ‘शोधणारे’ अनेक उत्साही लोक मी पाहिले आहेत. पडद्यावर मोठी केल्याने जुन्या मोजणीत नसलेली माहिती तयार होत नाही.

त्याच जागेचे १:२४,००० प्रमाणाचे, साडेसात मिनिटांचे ‘नॉर्थ ब्लूमफील्ड’ पत्रक उघडले की फरक लगेच लक्षात येतो. या प्रमाणावर तोच खड्डा जवळजवळ नऊ सेंटीमीटर लांब होतो. रेषांतील अंतर ४० फूट धरले तर सहाशे फुटांच्या कड्यावर पंधरा रेषा बसतात, आणि त्या दाटून आल्या की कडा किती उभा आहे हे नुसत्या नजरेला कळते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ही मालिका हवाई छायाचित्रांवरून तयार झाली, त्यामुळे तिच्यातील लहान आकारांवर अधिक भरवसा ठेवता येतो. एक अडचण मात्र येथेही आहे. नॉर्थ ब्लूमफील्ड गाव या पत्रकाच्या उत्तर कडेपासून एक किलोमीटरही दूर नाही, त्यामुळे खाणीच्या वरच्या अंगाचा परिसर पाहण्यासाठी उत्तरेचे ‘पाइक’ पत्रकही जोडून घ्यावे लागते. नकाशाच्या कडा अक्षांशांनी ठरतात आणि ज्या जागेचा शोध चालू असतो ती नेमकी काठावर येते. हा अनुभव नकाशांशी खेळणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा असेल.

असे असले तरी जुन्या लहान प्रमाणाच्या पत्रकांना कमी लेखू नये. त्यांतील एक गोष्ट मला मोठ्या प्रमाणाच्या पत्रकांपेक्षा तेथेच अधिक स्पष्ट दिसली, आणि ती म्हणजे पाण्याचे पाट. झोताने डोंगर फोडायचा तर उंचावरून सतत पाणी हवे. त्यासाठी खाण कंपन्यांनी वरच्या भागात जलाशय बांधले आणि तेथून मैलोगणती पाट काढले. पाटाला मैलामागे दहा-पंधरा फुटांच्या आसपासच उतार दिलेला असे. शंभर फुटांच्या अंतराच्या समोच्च रेषा असलेल्या नकाशावर असा पाट एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत उतरायला सात ते दहा मैल घेतो. त्यामुळे त्याची बारीक निळी रेषा तपकिरी रेषांना जवळजवळ समांतर, प्रत्येक घळीत आत शिरून पुन्हा बाहेर येत, डोंगराला लपेटून जाताना दिसते. नैसर्गिक ओढा रेषांना छेदत खाली उतरतो आणि पाट रेषांच्या संगतीने चालतो. हा भेद एकदा ओळखता आला की सबंध पत्रकावर माणसाने नेलेले पाणी वेगळे काढता येते. तीस मिनिटांच्या एकाच पत्रकावर वरचा जलाशय, मधला पाट आणि खालची खाण एका दृष्टिक्षेपात येतात. साडेसात मिनिटांच्या मालिकेत त्याच प्रवासासाठी अनेक पत्रके उघडावी लागतात. या एका कारणासाठी मी कोलफॅक्स पत्रकाला झुकते माप देईन.

ग्रास व्हॅलीच्या बाबतीत मात्र स्थलदर्शक नकाशाची मर्यादा उघडी पडते. येथील बहुतेक सोने गाळात नव्हते, ते गारगोटीच्या शिरांत होते, आणि त्यासाठी खोल खाणी खणल्या गेल्या. १८५० ते १९५६ या काळात चाललेल्या एम्पायर खाणीतील बोगद्यांची एकूण लांबी ३६७ मैल सांगितली जाते. नकाशावर मात्र तिच्या वाट्याला खाणीचे एखादे चिन्ह, काही इमारतींचे काळे ठिपके आणि राडारोड्याचा एक ढीग एवढेच येते. भूपृष्ठाचा नकाशा भूपृष्ठच दाखवणार, हे खरे. तरीही मालाकॉफसारखा एक उघडा खड्डा पत्रकावर ठळकपणे उठून दिसतो आणि त्याहून कितीतरी अधिक काळ चाललेली, कितीतरी अधिक सोने देणारी खाण दिसतच नाही, हे वाचकाने लक्षात ठेवावे. केवळ या पत्रकांवरून प्रदेशाचा इतिहास रचला तर तो झोताच्या खाणींच्या बाजूने कलतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी यूएसजीएसच्याच ‘जिऑलॉजिक ॲटलस’ या मालिकेकडे वळावे. तिच्या संचांत साधारणपणे स्थलदर्शक पत्रक, भूस्तरांचे पत्रक, खनिजांचे पत्रक आणि सोबत छापील विवेचन असते. या प्रदेशातील ‘स्मार्ट्सव्हिल’ (१८९५), ‘नेवाडा सिटी स्पेशल’ (१८९६) आणि ‘कोलफॅक्स’ (१९००) हे संच मुख्यत्वे वाल्डेमार लिंडग्रेन या भूवैज्ञानिकाच्या कामावर उभे आहेत. ‘मदर लोड डिस्ट्रिक्ट’चा संच (१९००) एफ. एल. रॅन्सम याचा आहे. यांतील ‘नेवाडा सिटी स्पेशल’ हा संच मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो. त्याचे नकाशे १:१४,४०० या प्रमाणाचे आहेत, म्हणजे पुढच्या काळातील प्रमाणित पत्रकांहूनही बारकाईचे. नेवाडा सिटी, ग्रास व्हॅली आणि बॅनर हिल यांच्या भोवतालच्या सोन्याच्या शिरा त्यांत रेघांनी काढलेल्या आहेत. ज्याला फक्त एकच संच पाहायचा आहे, त्याने हा पाहावा. स्थलदर्शक पत्रक आणि भूस्तरांचे पत्रक यांच्या तळाशी समोच्च रेषांचा एकच पाया असल्यामुळे एकावरून दुसऱ्यावर नजर सहज सरकते.

काळाचा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो युबा नदी डोंगरातून बाहेर पडून मेरीसव्हिलकडे जाते त्या पट्ट्यात. वरच्या खाणींतून वाहून आलेला गाळ येथे साठला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपन्यांनी पाण्यावर तरंगणारी अजस्र उपसा यंत्रे आणून तोच गाळ पुन्हा चाळायला घेतला आणि हे काम १९६८ पर्यंत चालले. स्मार्ट्सव्हिलच्या जुन्या पत्रकात हा नदीकाठ साधा आहे. १:२४,००० च्या पत्रकात तोच भाग तपकिरी ठिपक्यांच्या वळ्यावळ्यांनी भरलेला दिसतो, जणू कोणी ओल्या वाळूत बोटे फिरवली आहेत. प्रत्येक वळी म्हणजे यंत्राने मागे टाकलेल्या दगडगोट्यांची रांग, आणि मधल्या निळ्या चकत्या म्हणजे त्याने सोडलेली डबकी. याच नदीवर थोडे वर, खाणींचा गाळ अडवण्यासाठी १९४१ साली बांधलेले एंगलब्राइट धरण आहे. जुन्या पत्रकात तेथे नदीची सलग निळी रेषा आहे आणि नव्यात अरुंद लांबोळका जलाशय. सुमारे पन्नास वर्षांच्या अंतराची ही दोन पत्रके एकावर एक ठेवून वरच्याची पारदर्शकता कमी-जास्त केली की गाळ कोठून आला, कोठे साचला आणि कोठे अडवला गेला हे समजण्यास दुसऱ्या कोणाची मदत लागत नाही. टोपोव्ह्यूवर ही सरकपट्टीची सोय आहे आणि ती मी सर्वाधिक वापरली.

नावांविषयीही थोडे लिहिले पाहिजे. ‘यू बेट’, ‘रफ अँड रेडी’, ‘डच फ्लॅट’, ‘फ्रेंच कोरल’ ही गावांची नावे वाचताना खाणकामगारांचा टवाळ आवाज ऐकू येतो. पण याच पत्रकांवर वंशाची हेटाळणी करणारी नावेही सरकारी छपाईत जशीच्या तशी आहेत. मूळनिवासी स्त्रियांसाठीचा अपमानकारक शब्द असलेली जवळपास ६५० ठिकाणांची नावे अमेरिकी सरकारने २०२२ साली बदलली. स्कॅन केलेल्या जुन्या पत्रकांत अर्थातच ती तशीच राहिली आहेत, आणि दस्तऐवज म्हणून तसेच असले पाहिजे. याउलट, ज्या निसेनान लोकांच्या भूमीवर हे सर्व घडले त्यांच्या वस्त्या या नकाशांत जवळजवळ कोठेच दिसत नाहीत. नकाशात काय नाही हेही वाचावे लागते, ते असे.

वापरणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत होते ती सालाच्या बाबतीत. संग्रहात प्रत्येक पत्रकापुढे एक साल दिलेले असते आणि तेच त्या जमिनीचे साल आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात पत्रकाच्या समासात निरनिराळी साले असू शकतात: मोजणीचे, आवृत्तीचे आणि पुनर्मुद्रणाचे. मोजणी आणि आवृत्ती यांत बरीच वर्षे गेलेली असतात, आणि नंतरचे पुनर्मुद्रण केवळ शिल्लक संपली म्हणून केलेले असू शकते, ज्यात जमिनीवरील कोणताही बदल नोंदलेला नसतो. त्यामुळे यादीत एकाच नावाची पाच पत्रके दिसली म्हणजे पाच काळांची चित्रे मिळाली, असा अर्थ होत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील साडेसात मिनिटांच्या पत्रकांवर जांभळा रंग दिसला तर तो भाग नंतरच्या हवाई छायाचित्रांवरून जोडलेला आहे आणि बाकीचा नकाशा जुन्या मोजणीचाच आहे, असे समजावे.

ज्यांना ही पत्रके मोबाइलमधील जीपीएसशी जुळवायची आहेत, त्यांना आणखी एक इशारा द्यायला हवा. विसाव्या शतकातील बहुतेक पत्रके १९२७ च्या उत्तर अमेरिकी संदर्भप्रणालीवर, म्हणजे अक्षांश-रेखांश ठरवण्याच्या त्या काळच्या पद्धतीवर आधारलेली आहेत. आजच्या उपकरणांची प्रणाली वेगळी असल्यामुळे, अक्षांश-रेखांश पत्रकावरून थेट वाचून यंत्रात भरले तर कॅलिफोर्नियात साधारण नव्वद ते शंभर मीटरची चूक होते. जिओटिफ धारिका योग्य संगणक-प्रणालीत उघडल्यास हे रूपांतर आपोआप होते, पण छापील प्रतीवर बोट ठेवून आकडे वाचणाऱ्याला ते स्वतः करावे लागते. बंद पडलेल्या खाणींचे उघडे कूपक (विहिरीसारखे खोल उभे खड्डे) असलेल्या प्रदेशात शंभर मीटरची चूक क्षुल्लक नसते. हे नकाशे घेऊन कूपक शोधायला निघू नये, हे वेगळे सांगायला नको.

आता एक तक्रार, जी संग्रहाविषयी नाही. सुरुवातीच्या उत्साहात मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून कोलफॅक्स पत्रकाची ‘संग्राह्य’ छापील प्रत मागवली. कागद जाड होता, छपाई स्वच्छ होती आणि जुनेपणाचा आभास यावा म्हणून सबंध नकाशावर चहाच्या रंगाची छटा चढवलेली होती. त्या छटेत समोच्च रेषांचा तपकिरी रंग बुडून गेला, म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा नकाशा घ्यायचा तीच निम्मी नाहीशी झाली. चौकटीत सुबक दिसावे म्हणून चारही समास कापलेले होते, त्यामुळे मोजणीचे साल, प्रमाणपट्टी आणि मोजणीदारांची नावे काहीच उरले नव्हते. शंका आली म्हणून नकाशाची उंची मोजली तर ती ३९ सेंटीमीटर भरली. तीस मिनिटांचे पत्रक १:१,२५,००० प्रमाणात असेल तर त्याची दक्षिणोत्तर लांबी ४४ सेंटीमीटरांहून थोडी अधिक हवी. माझ्याकडे आलेल्या प्रतीचे प्रमाण अदमासे १:१,४२,००० झाले होते आणि विक्रेत्याच्या वर्णनात मात्र मूळ प्रमाण छापलेले होते. मूळ धारिका फुकट उपलब्ध असताना असे विकत घेणे ही माझी चूक. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत, एवढेच त्याच्याविषयी सांगण्यासारखे आहे.

त्यानंतर मी जिओपीडीएफ उतरवून स्वतः छापून घेतले, आणि तेथेही पहिल्या खेपेस छापणाऱ्याने ‘कागदात बसवा’ हा पर्याय निवडल्याने नकाशा आक्रसला. तेव्हापासून मी एक साधा नियम पाळतो. छपाईला देताना ‘मूळ आकार, शंभर टक्के’ असे लिहून द्यावे आणि हाती आल्यावर चौकटीची उंची मोजावी: तीस मिनिटांच्या आणि १:६२,५०० प्रमाणाच्या पंधरा मिनिटांच्या पत्रकांसाठी ती ४४ ते ४५ सेंटीमीटर आणि साडेसात मिनिटांच्या पत्रकासाठी सुमारे ५८ सेंटीमीटर भरली पाहिजे. पडद्यावर वाचण्यासाठी साधे चित्र पुरते, पण छपाईसाठी ते घेऊ नये.

शेवटी मी स्मार्ट्सव्हिल आणि कोलफॅक्स ही दोन पत्रके शेजारी शेजारी जोडायचे ठरवले, कारण नेवाडा सिटी स्मार्ट्सव्हिलच्या पूर्व कडेपासून जेमतेम एक सेंटीमीटर आत आहे आणि तेथून मालाकॉफकडे जाणारा रस्ता लगेच दुसऱ्या पत्रकात शिरतो. जोडण्यासाठी स्मार्ट्सव्हिलचा उजवा समास कापावा लागला. तेवढी पट्टी आता नकाशाच्या पाठीमागे चिकटवलेली आहे, आणि खालचा समास, ज्यात मोजणीचे साल आहे, त्याला मी हात लावलेला नाही.